सीटवर बसून दाखव

गास गावात कुणाच्या गाडीची सीट मळली, तडकली किंवा मांजरीनं ओरबाडली की गाडी ऑस्करच्या अंगणात येते. चिंचेखाली उभी राहते, सीटा बाहेर निघतात आणि पांढरीशुभ्र पॅन्ट घातलेला साठीचा ऑस्कर ब्रश घेऊन त्यांच्यावर वाकतो. असं मळकं काम आणि अशी पॅन्ट! येणारेजाणारे त्याला ‘नवरदेव’ म्हणतात.

“काय नवरदेव, आज कुणाशी?”

“जीपशी,” मान वर न करता ऑस्कर सांगतो.

पॅन्टला कारण आहे. रंगवलेली सीट हाताला वाळल्यासारखी वाटते, पण माणूस बसला की उबेनं आणि घामानं रंग सुटतो. म्हणून प्रत्येक सीटवर आधी ऑस्कर बसतो. नुसता बसत नाही, बूड घासून घासून पेपर वाचतो. मग उठून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाठ करतो. खिडकीत त्याची बायको फ्लॉसी असते, चष्मा चढवलेली.

“फिर अजून. वाक जरा. हां, पास.”

तिनं पास केल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही. तुळिंजहून पहिल्यांदाच आलेल्या एका बाईंनी हा प्रकार पाहिला आणि गाडी फाटकातूनच मागे घेतली. चौकशी करून त्या पुन्हा आल्या, पण परीक्षेच्या वेळी रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

ऑस्कर पूर्वी नालासोपाऱ्यात रिक्षांच्या सीटा शिवायचा. जुन्या सीटा साफ करण्याचा नाद त्याला तिथेच लागला. त्याचं शास्त्र सरळ आहे. “चामडं ही कातडी आहे, तिला भूक लागते, तेल दे. रेक्झिन हे प्लास्टिक. त्याला काय भरवतोस? आंघोळ घाल आणि सोडून दे.”

हे त्यानं ॲन्सेल्मलाही सांगितलं होतं. ॲन्सेल्म त्याचा शाळेतला मित्र, केळीच्या बागेचा मालक. त्याच्या मुलीचं, ॲनिशाचं लग्न ठरलं होतं आणि तिला भाड्याची लांबलचक एसी गाडी हवी होती. ॲन्सेल्मला मात्र तिला चर्चमध्ये न्यायचं होतं ते स्वतःच्या जुन्या फियाटमधूनच.

“तू जन्मलीस तेव्हा हॉस्पिटलातून ह्याच गाडीतून घरी आलीस!”

“तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, डॅडी.”

शेवटी ती तयार झाली, पण अट घालून. गाऊनला एक जरी डाग लागणार असेल तरी ती फियाटमध्ये पाय ठेवणार नव्हती. चालत चर्चला जाणार होती आणि वाटेत भेटेल त्याला कारण सांगणार होती.

ऑस्करनं फियाटच्या लाल रेक्झिनच्या सीटा धुतल्या, भेगा भरल्या, रंग दिला. फ्लॉसीनं पास केलं. ॲन्सेल्म मात्र खट्टू झाला.

“एवढं घासलंस, मग चमक कुठे गेली?”

“स्वच्छ सीट चमकत नाही. चमकली तर समज, कुणीतरी काहीतरी फासलंय.”

लग्नाच्या सकाळी ऑस्कर काळा सूट घालून फ्लॉसीसोबत ॲन्सेल्मच्या घरी पोचला. अंगणात झेंडूच्या माळा घातलेली फियाट उभी होती. ऑस्करनं आत डोकावलं. सीटा आरशासारख्या लखलखत होत्या.

“काय फासलंस?”

“काय नाय रे. थोडं खोबरेल. घरच्या नारळांचं.”

“बस.”

“कोण, मी? सूट नवा आहे माझा!”

“मग तिचा गाऊन काय जुना आहे?”

आपल्या नारळांची बदनामी ॲन्सेल्मला सहन झाली नाही. बदामी सूट घालून तो मागच्या सीटवर ऐटीत टेकून बसला आणि उतरला.

“फिर,” फ्लॉसी म्हणाली.

कोटाच्या पाठीवर तेलाचा एक आडवा पट्टा आणि खाली दोन मोठे गोल. दारात गाऊन सावरत उभ्या असलेल्या ॲनिशानं वाकून चपला शोधायला सुरुवात केली.

“थांब गं पोरी,” म्हणत ऑस्करनं कोट काढला. साबणाचं कोमट पाणी आलं, ब्रश आला. रेक्झिन तेल पीत नाही, त्यामुळे वरचं तेल लगेच निघालं. पण शिवणीच्या भोकांत शिरलेलं तेल माणूस बसला की पुन्हा वर येणार. फ्लॉसीनं नवरीच्या टेबलावरची पावडर आणून शिवणींवर ओतली. ऑस्करनं फडकं दाबून दाबून ती तेलासकट उचलली.

आता बसणार कोण? ऑस्कर काळ्या पॅन्टमध्ये. पांढऱ्यात होती ती एकटी नवरी.

तेवढ्यात घरातून फादर जेसन बाहेर आले. ॲन्सेल्मचे धाकटे भाऊ, पुतणीला आशीर्वाद द्यायला आलेले. अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत पांढरा झगा.

ऑस्करनं फ्लॉसीकडे पाहिलं. फ्लॉसीनं फादरकडे पाहिलं.

“फादर, जरा गाडीत बसता?”

“मी? कशाला?”

“सांगते. टेकून बसा. जरा हला. अजून हला.”

काहीतरी विधी असावा अशा चेहऱ्यानं फादर हलले. मग उतरले.

“आता फिरा, फादर.”

सगळ्या वऱ्हाडासमोर फादर जेसन गोल फिरले. फ्लॉसीनं चष्मा पुसला आणि खाली वाकून पाहिलं.

“पास!”

ॲनिशा गाऊन गोळा करून फियाटमध्ये बसली. ॲन्सेल्मचे डोळे भरून आले. कपडे बदलायला वेळ नव्हता आणि त्या आनंदात पाठीवरचं तेल त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

चर्चच्या मधल्या वाटेवरून तो मुलीचा हात धरून छाती काढून निघाला. जो बाक दोघं ओलांडत, तिथून खुसखुस उठे.

“सगळे हसतायत का गं?”

“खूश आहेत, डॅडी. सरळ चला.”

ॲनिशाचा गाऊन वेदीपर्यंत जसाच्या तसा पांढरा पोचला. पण तो बघायला कुणाला सवड होती?