पंचावन्नचा कोन

कॉम्प्युटरवर कुठल्याही खोलीचं चित्र काढायच्या आधी भटू जिभाऊ खुर्चीतून उठायचे आणि ऑफिसच्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. डोकं, खांदे, टाचा, सगळं टेकलेलं. क्षणभर समोर बघायचे, मग परत येऊन कॅमेऱ्याचा कोन लावायचे. पंचावन्न अंश, फार तर साठ. शहाद्याच्या एसटी स्टँडजवळच्या त्या दोन टेबलांच्या ऑफिसात मी त्यांच्या हाताखाली इंटीरियरचं काम शिकले. पहिल्याच आठवड्यात मला या कवायतीचं हसू आलं होतं.

"हास, हास. पन मानूसनी पाठ भितले लागनी म्हंजे सरनं. तेन्हा मांगे जाईसन कोन दखस?"

भिंतीला टेकून माणसाला जेवढं दिसतं तेवढंच चित्रात दाखवायचं, हा जिभाऊंचा नियम. सॉफ्टवेअरमध्ये कोन वाढवणं म्हणजे नुसता एक आकडा बदलणं. पंचावन्नचे नव्वद केले की दहा बाय दहाची बेडरूम मंगल कार्यालयासारखी ऐसपैस दिसते. कडेच्या वस्तू ताणल्या जातात, पण गिऱ्हाईक मोकळ्या फरशीकडेच बघतं. धानोऱ्याचे एक बंगलेवाले मोबाइल नाचवत आले होते. "त्या दुसरानी मन्हा हॉल कितला मोठा दाखाडा, दखा!"

जिभाऊंनी फोटो नीट पाहिला. "मंग तेन्हा फोटोमाच ऱ्हाय ना भो. घर कसाले बांधस?"

काम गेलं. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

मग त्यांची फुफ्फुसं बिघडली. दवाखान्यातून घरी न्यायला सांगितलं तेव्हा पुढे काय आहे ते सगळ्यांना कळलं होतं. आडवं झालं की ते घुसमटायचे, म्हणून डोक्याकडून उचलता येणारा दवाखान्याचा पलंग घरी लागणार होता. त्यांच्या बायकोचा, काकूंचा, मला एकच प्रश्न होता. लग्नापासून दोघं एकाच खोलीत झोपलेली. "पोरी, मन्ही खाट तेस्ना जोडे बसी ना?"

मी मापं घेतली. खोली आठ फूट रुंद. पलंग साडेतीन, खाट तीन. उरलेल्या दीड फुटात ऑक्सिजनचं मशीन. पाय ठेवायला जागा नव्हती. काकूंच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणवेना. मी चित्र काढलं आणि कोन पंचाण्णव केला.

लॅपटॉपवर दोन्ही खाटा शेजारी आणि मधे भरपूर जागा बघून काकूंनी पदर डोळ्यांना लावला. जिभाऊ चित्राकडे बघत राहिले. कडेचा पंखा ताणून अंड्यासारखा झाला होता, तो त्यांना दिसला नसेल हे शक्यच नाही. त्यांनी मला झापावं असं फार वाटत होतं.

"झकास शे," ते म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं, याची आज लाज वाटते.

आठवड्याने त्यांच्या घरी गेले. काकूंची खाट खोलीत होती. शेजारी एका अरुंद साध्या खाटेवर, पाठीशी तीन उशा लावून जिभाऊ वाकून बसले होते. तोंड उघडं, श्वासाची धाप. दवाखान्याचा पलंग आल्याच्या दुसऱ्याच दिवशी परत गेला होता. "तेस्नी वापस धाडा. म्हने, लोखंड टोचस," काकूंनी सांगितलं. त्यांना ते खरं वाटलं होतं.

काकू चहा टाकायला गेल्या. मी म्हटलं, "जिभाऊ, पलंग परत मागवू. माझी चूक आहे, मी सांगते काकूंना."

त्यांनी हात धरला. एकेका शब्दाला थांबत म्हणाले, "तिले सांगू नको. तुन्हा फोटोमा तिन्ही खाट दिसनी... मंग ती बसाले पाह्यजे ना."

त्यानंतर दहाव्या दिवशी ते गेले. तो पलंग असता तर अजून महिनाभर निघाला असता, असं डॉक्टर सहज बोलून गेले.

दिवसकार्य झाल्यावर काकू ऑफिसात आल्या. जिभाऊंच्या खुर्चीत न बसता माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "तू फोटो काढा म्हनीसन मी शेवटलोंग तेस्ना जोडे ऱ्हायनू. तो फोटो मले छापी दे."

मी फाइल उघडली. जिभाऊंच्या हयातीत जे जमलं नाही ते आता तरी करावं म्हणून कोन पंचावन्न केला. चौकटीत एकच खाट उरली, जिभाऊंची. काकूंची बाहेर गेली.

काकू माझ्या मागे येऊन स्क्रीनकडे बघत उभ्या होत्या. मी पंचाण्णव केला आणि छापून दिला.