ट्रेलरमधली तांदळाची गोणी

तांदळाच्या गोणीला मी सीटबेल्ट लावला तेव्हा जिग्नेशभाईंनी मोबाईल खाली घेतला.

"वैशालीबेन, व्हिडिओ मुलांचा काढायचाय. गोणीचा कोण बघणार?"

आम्ही उत्तनच्या नाक्यावर उभे होतो. समोर एक इलेक्ट्रिक सायकल, तिच्यामागे जोडलेला लाल रंगाचा दोन चाकी ट्रेलर. बाजूला सायकलची मालकीण रेजिना, तिची दोन मुलं आणि सासू. मुलं नवीन कपडे घालून, केस विंचरून आली होती, कारण ट्रेलरमध्ये आपण बसणार असं त्यांना सांगितलेलं होतं. त्यांच्या जागेवर मी दोन गोण्या बसवल्या. एक मोठ्या आरनच्या वजनाची, अठरा किलोची. दुसरी धाकट्या मियाच्या वजनाची, बारा किलोची.

"पहिली फेरी गोण्यांची," मी म्हणाले. "नंतर मुलांची."

रेजिनाची सासू फिलोमिनाबाई पदराने तोंड झाकून हसत होत्या. "बग गो रेजिना, तांदूल गाडीत चाललाय नि पोरा चालत."

भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जिग्नेशभाईंचा कारखाना आहे. आम्ही ट्रॉल्या बनवतो. हॉस्पिटलच्या, हॉटेलच्या, गोदामांच्या. मी तिथे टेस्टिंग बघते. माल गाळ्यातून बाहेर पडताना टेस्ट रिपोर्टवर माझी सही लागते आणि ती मी चटकन करत नाही, अशी माझ्याबद्दल तक्रार आहे. तक्रार बरोबर आहे.

जिग्नेशभाईंना कुठल्याशा प्रदर्शनात सायकल ट्रेलर दिसला. मागच्या सीटऐवजी सायकलला जोडायची छोटी गाडी. कापडी टप, आत दोन मुलांना बसायला जागा, बेल्ट, मागे सामानाला कप्पा. मीरा रोडच्या मोठमोठ्या कॉम्प्लेक्समध्ये हल्ली बऱ्याच जणांकडे इलेक्ट्रिक सायकली दिसतात. तिथे हा माल चालेल असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी बाहेरून दोन नमुने मागवले, एक लाल आणि एक निळा. तिसरा आमच्याच गाळ्यात बनवून घेतला.

रेजिना ही आमची पहिली गिऱ्हाईक. ती उत्तनजवळच्या पालीची. नवरा बोटीवर, एकदा समुद्रात गेला की आठवडाभर घरी नाही. तिला उत्तनच्या एका बालवाडीत मदतनिसाचं काम मिळालं होतं आणि मुलांना सोबत आणायची मुभाही. पण पालीहून उत्तनला दोन मुलं न्यायची कशी हा प्रश्न होता. स्कूटरवर ती एकदा पडली होती, हँडलला लावलेल्या भाजीच्या पिशव्या चाकात गेल्या म्हणून. सुदैवाने मुलं तेव्हा घरी होती. तेव्हापासून मुलांना स्कूटरवर घ्यायचं नाही हे तिने पक्कं केलं होतं. सासू सकाळी मासळी घेऊन बाजारात बसते, तिला मुलं सांभाळता येत नाहीत. सायकल भावाने दिली होती. ट्रेलर जमला तर नोकरी, नाहीतर तिला बालवाडीला नकार कळवावा लागणार होता. हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं, रडत वगैरे नाही, सरळ.

म्हणून तीनपैकी कोणता, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

आमचा स्वतःचा ट्रेलर सगळ्यात आधी बाद झाला. तो मजबूत होता. इतका मजबूत की रिकामाच ओढताना दम लागायचा. आम्ही आयुष्यभर गोदामाच्या ट्रॉल्या बनवल्या, त्यामुळे तीच गाडी मुलांसाठी बनवली. खाली स्प्रिंग नव्हती. खड्ड्यातून नेला की आत ठेवलेली बादली उडून पडत होती. जिग्नेशभाईंना वाईट वाटलं. "घरचा माल आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, म्हणूनच आधी सांगतेय.

राहिले लाल आणि निळा. निळा अरुंद होता. दोन मुलं खांद्याला खांदा लावून बसतील एवढीच जागा. मागे कप्पा नाही. सामान ठेवायचं ते मुलांच्या पायांपुढच्या खोलगट तळात. दिसायला साधा. लाल मात्र देखणा. रुंद सीट, जाळीच्या खिडक्या आणि मागे ऐसपैस डिकी. जिग्नेशभाईंचं मत लालच्या बाजूने होतं. रेजिनाचंही. मुलांचं तर होतंच.

मी दोन्ही मुलांची वजनं घेतली. लाल आणि निळा, दोन्हींची मर्यादा चाळीस किलो. दोन मुलं मिळून तीस. म्हणजे वाणसामानाला दहा उरले.

"दहात काय येतं, मॅडम?" रेजिना म्हणाली. "तांदूळच दहाचा घेते मी."

"मग तेल दुसऱ्या दिवशी आण."

सायकल ट्रेलरमध्ये एक गोष्ट नीट बघावी लागते. ट्रेलरच्या पुढून एक दांडा निघतो आणि सायकलच्या मागच्या चाकाजवळ पिनने अडकतो. त्याला आम्ही हिच म्हणतो. त्या जोडावर थोडा भार खालच्या बाजूला पडायला हवा. बागेतला सी-सॉ डोळ्यासमोर आणा. मधला खांब म्हणजे ट्रेलरची चाकं. सामान चाकांच्या मागे जास्त झालं तर दांडा वर उचलला जातो. मग सायकलचं मागचं चाक हलकं होतं, ब्रेक नीट लागत नाही आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. म्हणून दांड्याखाली वजनकाटा ठेवून तपासायचं. मी दोन्ही गोण्या बसवून, डिकीत दहा किलो ठेवून तपासलं. भार थोडा कमी, पण होता खालीच. लाल पास झाला.

आणखी एक बारीक गोष्ट. माल परदेशी, रस्त्याच्या उजवीकडून गाडी चालवणाऱ्यांसाठी बनवलेला. त्याचा उंच झेंडा डाव्या बाजूला होता. आपल्याकडे मागून येणारी बस उजवीकडून ओव्हरटेक करते. ड्रायव्हरला एवढी बुटकी गाडी दिसायची तर झेंडा उजवीकडे हवा. तो मी बदलून घेतला.

एवढं झाल्यावर जिग्नेशभाईंनी सही मागितली. मी म्हटलं, रस्त्यावर बघू. तिच्या रस्त्यावर, तिच्या घरापर्यंत. आणि आधी गोण्या.

त्या दिवशी तेच चाललं होतं.

फेरी छान झाली. रेजिना पुढे, आम्ही मागून रिक्षात. मुलं आणि सासू आमच्याबरोबर. उतारावर मी श्वास रोखून बघत होते, पण तिने सायकल हळू सोडली, ट्रेलर सरळ मागे आला. वळणावरही शांत. बसवाल्याने मागून हॉर्न वाजवला, झेंडा बघून अंतर ठेवून पुढे गेला. मध्येच थांबून तिने बाजार केला. दहा किलो तांदूळ डिकीत. जिग्नेशभाई रिक्षातून व्हिडिओ काढत होते. आरन सारखा विचारत होता की गोणीला पोटात कसंतरी होत नाही का. मी सांगितलं की गोणीने अजून तक्रार केलेली नाही.

पालीला गल्लीच्या तोंडाशी रेजिना थांबली. गल्ली अरुंद, एका कडेला स्कूटरी लावलेल्या. सायकल आणि ट्रेलर एकत्र आत नेले तर वळवायला जागा नाही. कोपऱ्यावर एक दगडी क्रूस आहे, पांढरा रंग दिलेला, समोर मेणबत्त्यांची जागा.

"घरापर्यंत जसं रोज करशील तसंच कर," मी तिला सांगितलं होतं. ती तसंच करत होती. तिने उतरून सायकल उभी केली. मग अठरा किलोच्या गोणीचा बेल्ट सोडला आणि ती गोणी उचलून क्रुसाच्या पायरीवर ठेवली.

"हे काय?" मी विचारलं.

"आरन इथंच उतरतो. क्रुसाला हात लावल्याशिवाय तो घरात पाऊल टाकत न्हाय. आजोबांनी लावलेली सवय."

"आणि मिया?"

"मिया झोपलेली असनार. तिला कशाला उठवू? गाडी सोडवून हातानं आत नेते."

असं म्हणत ती वाकली आणि तिने हिचची पिन काढली.

दांडा तिच्या हातातून वर उडाला. ट्रेलर मागे कलंडला आणि डिकीच्या बाजूने दगडावर आपटला. बारा किलोची गोणी बेल्टमध्ये उलटी लोंबकळली. मग बेल्टमधून सुटून तिचं एक टोक दगडावर बसलं. शिवण उसवली आणि तांदूळ सांडायला लागला.

जिग्नेशभाईंचा मोबाईल तसाच वर होता, चालू. फिलोमिनाबाईंनी मियाला रिक्षातून उचललं आणि छातीशी धरलं, जणू ती आत्ताच तिथून काढली होती. मियाला काही कळलं नव्हतं. ती सांडणाऱ्या तांदळाकडे बघून टाळ्या वाजवत होती.

काय झालं ते मला लगेच कळलं. आरनचे अठरा किलो चाकांच्या पुढे होते. ते उतरले. मागचे दहा किलो तिथेच राहिले. सी-सॉ मागे झुकला. पिन होती तोवर सायकलने दांडा धरून ठेवला होता, पिन निघाली आणि धरणारं कोणी राहिलं नाही. कारखान्यात मी ट्रेलर भरून तपासला होता. अर्धा रिकामा करून तपासला नव्हता. ट्रॉलीच्या धंद्यात तशी पद्धतच नाही. माल भरायचा, ढकलायचा, काटा बघायचा. माल कोणत्या क्रमाने उतरतो हे कोणी विचारत नाही, कारण खोक्याला कुठे क्रुसाला हात लावायचा असतो?

माहितीपत्रकात सूचना होती. मूल आत असताना जोड सोडू नये, सामान आधी काढावं. मी ती रेजिनाला वाचूनही दाखवली होती आणि तिने मान हलवली होती. पण झोपलेलं मूल कोण उठवतं? मीही उठवलं नसतं. माझी मुलगी लहान असताना सोसायटीच्या गेटपासून चौथ्या मजल्यापर्यंत मी तिला झोपेतच नेत असे, पिशव्या खाली ठेवून.

रेजिनाने हातातली पिन पायरीवर ठेवली.

"मला नको हा," ती म्हणाली. "बालवाडीला नाही म्हणून कळवते मी."

जिग्नेशभाई व्यापारी माणूस. त्यांना लालच विकायचा होता, त्याच्याच व्हिडिओसाठी ते आले होते. पण ते दगडावर सांडलेल्या तांदळाकडे बघत म्हणाले, "वैशालीबेन, हा लाल माझ्या गाळ्यातून जाणार नाही. निळा काढा."

निळा आमच्या मागून आलेल्या टेम्पोत होता. मीच आणायला लावला होता, एकच नमुना घेऊन टेस्टला जाणं मला पटत नाही. गोणी फडक्याने बांधली. मग तिथेच गल्लीच्या तोंडाशी आम्ही सगळं पुन्हा केलं. दोन गोण्या, पुढच्या तळात दहा किलो. मोठी गोणी उतरवली. मी दांड्याखाली काटा ठेवला. भार खाली. मग मोठी गोणी परत ठेवून छोटी उतरवली. भार खाली. दोन्ही गोण्या उतरवल्या आणि फक्त सामान राहिलं, तरी भार खाली. कारण सामान चाकांच्या पुढे होतं आणि ते मागे ठेवायला जागाच नव्हती. ज्या गोष्टीमुळे निळा फिका वाटत होता तीच गोष्ट कामाची ठरली. शिवाय तो अरुंद असल्यामुळे स्कूटरींच्या बाजूने गल्लीतही सरळ गेला.

मी रेजिनाला सांगितलं, पिन तू काढ.

ती तयार होईना. "तुम्हीच काढा ना, मॅडम."

"मी रोज येणार आहे का?"

तिने एक हात दांड्यावर घट्ट ठेवून पिन काढली. दांडा तिच्या तळहातात बसला आणि तिथेच राहिला. तिने हळूच हात काढला. दांडा जमिनीवर टेकला. तिने पुन्हा जोडला, पुन्हा सोडला. मग आणखी एकदा, गोणी उतरवून, गोणी ठेवून, सगळ्या प्रकारे. आम्ही कोणी घाई केली नाही. शेवटी तिने हात कमरेवर ठेवले आणि सासूकडे बघितलं.

फिलोमिनाबाईंनी मियाला खाली सोडलं. "बसव," त्या म्हणाल्या.

मुलं बसली. बेल्ट मी स्वतः लावले. रेजिना गल्लीतून निघून वळणापर्यंत गेली आणि परत आली. मुलांच्या फेरीचा व्हिडिओ काढायचा राहून गेला, कारण जिग्नेशभाई क्रुसाजवळ बसून तांदूळ वेचत होते. तेवढ्या वेळात कोणीतरी पाणी आणलं, मी एका दमात सगळं प्यायले. सकाळपासून पाणी प्यायला विसरले होते हे तेव्हा लक्षात आलं. आरन उतरला, धावत जाऊन क्रुसाला हात लावून आला. मिया खरोखरच झोपली होती. रेजिनाने पिन काढली आणि तिला तशीच, न उठवता, घरापर्यंत नेली.

बालवाडीची नोकरी तिने घेतली. निळ्यात तेल आणि तांदूळ अजूनही वेगवेगळ्या दिवशी येतात.

निघताना जिग्नेशभाई म्हणाले, ती फाटकी गोणी ठेवून घ्या, भात करा. फिलोमिनाबाईंनी गोणीवरून हात फिरवला. "माज्या नातीचा सगला हिनं सोसला," त्या म्हणाल्या. "आता हिला शिजवू कशी?" पण ठेवून घेतली.

जिग्नेशभाईंना जाहिरातीसाठी हवा होता तो व्हिडिओ मिळाला नाही. जो मिळाला त्यात मुलं नाहीत, गाणं नाही, लाल ट्रेलर मागे पडतो आणि गोणी उलटी होते. मीरा रोडच्या गिऱ्हाइकांना आता आम्ही तोच दाखवतो. मोठ्या डिकीचा ट्रेलर मागायला आलेले बरेच जण निळा घेऊन जातात.

आमच्या टेस्ट रिपोर्टमध्येही एक ओळ वाढली आहे. ट्रॉली असो वा ट्रेलर, भरून तपासल्यावर ती एकेक नग उतरवत पुन्हा तपासायची, घरी माणसं उतरवतील त्याच क्रमाने. वेळ दुप्पट लागतो. सही चटकन होत नाही ही तक्रार अजून चालू आहे.