आइस्क्रीमच्या दुकानातली नोकरी

आमच्या सोळा वर्षांच्या लेकीने सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात काम करायचं म्हटलं, तेव्हा तिच्या बाबांचा चेहरा पडला. "आपल्याला काय कमी आहे?" त्यांनी मलाच विचारलं. मीही मान डोलावली. पुण्यात आमच्या सोसायटीतल्या कुणा मुलीने दुकानात काम केलं असतं, तर त्या घरात काय बिनसलंय याची मी आधी चौकशी केली असती.

मग एका शनिवारी इथे अमेरिकेत, आमच्या फ्रिस्को गावातच एका ओळखीच्यांच्या घरी जेवायला गेलो. त्यांच्या मुलाने कॉलेजच्या अर्जात पिझ्झाच्या दुकानातल्या कामावर निबंध लिहिला होता आणि त्याला हवं ते कॉलेज मिळालं होतं. परतताना गाडीतच बाबांना श्रमाचं मोल उमगलं. "काम करायला लाज कसली?" ते लेकीला म्हणाले. ती म्हणाली, "दॅट्स व्हॉट आय सेड."

तिने स्वतःच अर्ज केला, इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखत दिली. काम मिळालं. दोन दिवस ती घरी भाताच्या मुदी पाडायचा सराव करत होती.

तिसऱ्या दिवशी दुकानाचा फॉर्म भरताना सोशल सिक्युरिटी नंबरचा, म्हणजे इथे पगारी नोकरीला लागणाऱ्या सरकारी नंबरचा रकाना आला. तो नंबर तिच्याकडे नाही. बाबांच्या कामाच्या व्हिसावर आम्ही दोघी आश्रित म्हणून आलेल्या, आणि आमच्यासारख्यांना इथे नोकरी करता येत नाही. हे मला माहीत नव्हतं, असं कुठल्या तोंडाने म्हणू? पुण्यात मी कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. इथे पाच वर्षं त्याच नियमाने घरी बसलेय. पण तो नियम बायकोपुरता आहे, अशी माझी पक्की समजूत होती. लेक इथल्या शाळेत जाते, इथल्यासारखं बोलते, म्हणजे ती इथलीच, असं मी धरून चालले होते. तीही.

तिने दुकानात फोन केला. "फॅमिली रीझन्स," एवढंच म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. मला फार लाज वाटली. रागही आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना.

रविवारी मराठी मंडळाच्या जेवणाला आम्ही दोघी श्रीखंड वाढायला उभ्या राहिलो. फुकट वाढायला व्हिसाची हरकत नसते. तिचा हात चांगला बसला होता. प्रत्येक वाटीत एकसारखा गोळा पडत होता. रांगेतल्या एका काकांनी कौतुकाने विचारलं, "काय मग, सुट्टीत काय करतेस?"

एरवी ती मोठ्यांना इंग्रजीतच उत्तर देते. त्या दिवशी स्वच्छ मराठीत म्हणाली, "काही नाही, काका. आईसारखी घरीच असते."

काका "छान, छान" म्हणत पुढे सरकले. पाच वर्षं मला विचारणारेही असेच पुढे सरकत आले होते, पण तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं.