सेलिनाचं विहिरीवरचं गाणं

मरोळ गावठाणात एल्रॉयला सगळे म्युझिकवाला म्हणतात. चर्चच्या क्वायरला कीबोर्ड त्याचा, लग्नांना बँड त्याचा, आणि घराच्या माळ्यावर भिंतींना गोधड्या ठोकून केलेला स्टुडिओही त्याचाच. माणूस गुणी, पण एक खोड वाईट. हातातलं काम पुरं झालं असं त्याला कधी वाटतच नाही. गिऱ्हाईक डोक्यावर बसलं की नाइलाजानं तो पक्की, कुठंही वाजेल अशी फाइल काढून देतो. घरच्या कामाला डोक्यावर बसणारं कोणी नव्हतं, तिथंच घात झाला.

घरचं काम म्हणजे आईचं, सेलिनाचं गाणं. लग्नाच्या आदल्या दिवशी इथल्या बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि आंघोळीसाठी पाणी भरून आणतात. त्याला म्हणतात उंबराचं पाणी. त्या वेळची गाणी सेलिनाला तोंडपाठ होती, आणि तिच्या बरोबरीच्या बायका एकेक करून गेल्यावर एकट्या तिलाच. म्हणून एल्रॉयनं तिला माळ्यावर नेलं, कानांना हेडफोन लावले, तालाची टिकटिक सुरू केली आणि गायला सांगितलं. ती एक ओळ म्हणायची आणि गप्प बसायची. हा समोरून हातवारे करायचा. शेवटी ती वैतागली.

"एकटीनं म्हणायचं गाणं नाय हे, बाबा. मी ओळ टाकली की बायकांनी ती उचलायची. मग मला पुढचं येतं."

एल्रॉयनं ते हसण्यावारी नेलं. नंतर कॉम्प्युटरवर बसून त्यानं तिच्या सगळ्या गप्प जागा कापल्या, ओळीला ओळ जोडली, कापरा सूर सॉफ्टवेअरनं ताणून सरळ केला आणि मागे व्हायोलिन भरली. गाणं झकास झालं होतं. फक्त व्हायोलिनचा आवाज जरा खाली घ्यायचा होता. तो घ्यायचा राहिला, पक्की फाइल राहिली, आणि एक दिवस सेलिनाही गेली.

यंदा त्याच्या मुलीचं, आयव्हीचं लग्न ठरलं. दागिना नको, हॉल मोठा नको, विहिरीवर आजीचं गाणं तेवढं वाजव, असं तिनं बापाला सांगितलं. एल्रॉय खूश. नुकत्याच घेतलेल्या नव्या कॉम्प्युटरवर तो गाणं उघडायला गेला, तर उघडेना.

मग मालाडहून यज्ञेश आला. हा त्याचा जुना दोस्त, नवं मशीन त्याच्याच दुकानातलं. दुपारभर खटपट करून त्यानं हात टेकले.

"अरे, तुझं सॉफ्टवेअर जुन्या चिपसाठी लिहिलेलं. या मशीनची चिप वेगळ्याच जातीची आहे. मध्ये दुभाष्यासारखा एक प्रोग्रॅम असतो, पण इतकं जुनं त्यालाही कळत नाही."

तसलंच जुनं मशीन कुठून मिळवलं तरी सॉफ्टवेअर नव्यानं चालू करायला कंपनीची परवानगी लागणार, आणि कंपनी केव्हाच बुडालेली. एल्रॉयचं स्वतःचं मशीन एक्स्चेंजमध्ये जाऊन कधीच भंगारात निघालं होतं. ते देताना यज्ञेशनं त्याला विचारलंही होतं, सगळ्या फाइल्स घेतल्यास ना? घेतल्या होत्या. एकूण एक घेतल्या होत्या. त्या उघडणारं काही उरणार नाही, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. वेळेवर पक्की फाइल काढली असती तर आज ती कुठल्याही फोनवर वाजली असती. चहा गार होईपर्यंतचं काम. एल्रॉयनं स्वतःला मनातल्या मनात सणसणीत शिवी घातली.

फोल्डर चाळताना यज्ञेशला कच्चं रेकॉर्डिंग सापडलं. माइकमध्ये गेलेला आवाज जसाच्या तसा, ना जोड, ना व्हायोलिन. त्यानं ते लावलं. हेडफोनमधून झिरपलेली टिकटिक, सेलिनाची कापरी पहिली ओळ, आणि मग शांतता. त्या शांततेत तिच्या बांगड्या वाजल्या. इतकी वर्षं एल्रॉयला वाटत आलं होतं की आई अडखळायची. ती वाट बघत होती. त्याला पुढे ऐकवेना, त्यानं बंद केलं. यज्ञेशनं विचारलं, नव्यानं कापून जोडू या का?

"नको," एल्रॉय म्हणाला. "एकदा कापलं तेवढं पुरे."

उंबराच्या पाण्याच्या दिवशी विहिरीपाशी स्पीकर लागला. आजीनं ओळ टाकली की तुम्ही उचलायची, असं एल्रॉयनं सगळ्या बायकांना बजावून ठेवलं होतं. त्यांनी हसत माना डोलावल्या होत्या. सेलिनाची पहिली ओळ आली आणि थांबली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी फोन वर धरला होता, कुणी पदर सावरत होती. ओळ कुणालाच धड कळली नव्हती. आयव्ही बापाकडे बघत राहिली.

तेव्हा एल्रॉयनंच ती उचलली. बेसूर, पण शेवटपर्यंत म्हटली.

तो थांबला, आणि स्पीकरमधून त्याचाच जुना, घाईतला आवाज आला. "थांबू नकोस ना, ममा. इथं कोण उचलणार आहे? चल पुढे."

"बरं," सेलिना म्हणाली, आणि एकटीच पुढची ओळ म्हणू लागली.