वेंडेल स्टट्झमनने न उघडलेलं टोपण

आमच्या एल्कहार्टमध्ये, अमेरिकेतल्या या वाद्यांच्या कारखान्यांच्या गावात, जुन्या ट्रम्पेटचं वय सांगणारे पुष्कळ सापडतील, पण वय सांगता सांगता मालकाचा पाणउतारा करणारा एकच, वेंडेल स्टट्झमन. तीस वर्षं त्याने ब्रॅडिशच्या कारखान्यात ट्रम्पेटचे पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायचे दट्टे, घासून बसवले. कारखाना बंद पडला, पण वेंडेलचा तोरा काही निवृत्त झाला नाही. दर शनिवारी सकाळी तो लायब्ररीच्या तळघरात टेबल मांडून बसे आणि लोक आपापली वाद्यं घेऊन अपमान करून घ्यायला येत. मी रस्त्यापलीकडच्या टॅलमन कारखान्यातला, ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडाला, कर्ण्याला, चकाकी देणारा. त्यामुळे माझा अपमान वाद्य न आणताही होई.

एकदा शिकागोहून एक टायवाले गृहस्थ आले. "आजोबांचं आहे. टॅलमन. एकोणीसशे अठ्ठावीस."

वेंडेलने फक्त बोट अडकवायची कडी पाहिली. "साहेब, अठ्ठावीस साली याचं तांबंसुद्धा खाणीत होतं. ही गोल कडी टॅलमनने दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईनंतर लावली. एक्कावन्न साल."

"पण क्रमांक तर केवढा लहान आहे!"

"टॅलमनवाल्यांना पुढचे आकडे येत नव्हते, म्हणून त्यांनी लढाईनंतर पुन्हा एकपासून सुरुवात केली. विचारा या चकाकीवाल्याला. आजोबांनी तुम्हाला थाप मारली. चांगले आजोबा होते."

वय सांगून झालं तरी पिस्टनच्या तळाची तिन्ही टोपणं उघडून आत नाक खुपसल्याशिवाय तो कुणाचंही वाद्य परत देत नसे. "शेवाळ," तो शिकागोकरांना म्हणाला. "मासे पाळता का?"

दोन्ही कारखान्यांची तुलना त्याला तोंडपाठ होती. टॅलमनचा कर्णा पातळ, आवाज लग्नात रुसलेल्या आत्याबाईंसारखा. ब्रॅडिशचा जाड, ऊबदार, थेट पोटात उतरणारा. आणि एकाचा कर्णा दुसऱ्याच्या पिस्टनला जोडणं म्हणजे यंत्रांना शिवत नाहीत त्या अ‍ॅमिश लोकांच्या घोडाबग्गीला मोटारीचं इंजिन बसवणं.

त्या शरद ऋतूत लायब्ररीने काचेचं कपाट आणलं. गावची बारा ट्रम्पेटं कायमची मांडायची होती, निवड वेंडेलची. अकरा झाली आणि व्हर्डा पॉन्शस पेटी घेऊन आली. तिचा नवरा लोवेल माझ्याच खात्यातला. एक्केचाळीस ईस्टर त्याने मेथॉडिस्ट चर्चमध्ये हेच ट्रम्पेट वाजवलं, आणि गेला.

"बारावं हे ठेव, वेंडेल. लोवेलचं दुसरं काहीच या गावात राहिलेलं नाही."

वेंडेलने हात न लावता पाहिलं. "कर्णा टॅलमनचा, पिस्टन ब्रॅडिशचे. क्रमांक नाही. डब्यातलं पोर आहे हे. घरी ने."

डब्यातलं पोर म्हणजे कारखान्यातून तुकड्यातुकड्याने पळवून घरी जोडलेलं वाद्य. पिस्टन जेवणाच्या डब्यातून, नळ्या पँटमधून, कर्णा कोटाखालून. सगळ्यांनी केलं, कबूल कुणीच करत नाही. वेंडेल तर शपथेवर सांगे की त्याच्या हातून ब्रॅडिशचा एक स्क्रूसुद्धा फाटकाबाहेर गेला नाही.

"उघडून तरी बघ," व्हर्डा म्हणाली.

"गरज नाही."

माझे कान टवकारले. हा माणूस देवदूताचं ट्रम्पेटसुद्धा टोपणं उघडल्याशिवाय सोडणार नाही!

व्हर्डाने स्वतःच मधलं टोपण फिरवलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं. आत सुईने ओरखडलेला इवलासा मासा होता. प्रत्येक कारागीर आपली खूण करी, आणि वेंडेलचा मासा गावात सगळ्यांना ठाऊक होता. त्यानेच तीस वर्षं मिरवला होता.

"पिस्टन तूच दिलेस, हे लोवेल मरेपर्यंत बोलला नाही," व्हर्डा म्हणाली. "तुझी नोकरी जाईल म्हणून. कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली. आता कोण काढणार आहे तुला?"

वेंडेलचे कान लाल झाले. मी आयुष्यभर या क्षणाची वाट पाहिली होती, आणि आयत्या वेळी मी नुसतं ते टोपण त्याच्याकडे सरकवलं.

त्याने ट्रम्पेट उचललं. पिस्टन खाली दाबला, सोडला, परत दाबला.

"यात काय घालतेस? स्वयंपाकाचं तेल?"

"शिवणयंत्राचं. दर रविवारी."

"तरीच! बाई, तुझ्या हातात वाद्य देणं म्हणजे..." पिस्टन अलगद वर आला. वेंडेलने कान जवळ नेला. "तरी चालतोय बघ. असा बसवणारा आता जन्माला यायचा आहे."

कपाटात अकरा वाद्यांखाली "सुमारे १९३०", "बहुधा १९४६" अशा चिठ्ठ्या आहेत. बाराव्याखाली वेंडेलच्या अक्षरात लिहिलंय: "लोवेल पॉन्शसचे. शुक्रवार, १४ मार्च १९५८, दुपारची पाळी. कर्णा टॅलमन. पिस्टन वेंडेल स्टट्झमन." पिस्टन फाटकाबाहेर नेले तो दिवस त्याला पाळीसकट पाठ होता; ब्रॅडिशचं मात्र नावही नाही.

"कर्ण्याला चकाकी कुणी दिली ते राहिलं," मी म्हणालो.

"दिली होती का?" त्याने काचेला नाक लावलं. "मला वाटलं, द्यायची राहिलीय."