पूजेत राहिलेली बॅटरी

दाजींनी बोट विकायला काढली, हे मला ताईच्या फोनवरून कळलं. "उद्या माणूस बघायला येतोय. तू आज येऊन ट्रेलर तेवढा बघून जा," ती म्हणाली. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर शेडच्या दारात बराच वेळ नुसता उभा राहिलो.

वाळूज रोडला माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. दाजी गंगापूरचे. शेती भावावर सोपवून त्यांनी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात बोट घातली होती, सुट्टीच्या लोकांना फिरवायला. ती काठावर चढवायची-उतरवायची ट्रेलरवरून. ट्रेलरचे ब्रेक जुने, तेलाचे. जीप थांबली की ट्रेलर तिला ढकलणार आणि त्या दाबानं याची चाकं आवळणार. पण दर खेपेला चाकं पाण्यात बुडायची, आतलं सगळं गंजून जाम. "इलेक्ट्रिक करून टाक एकदाचं," हा दाजींचाच हट्ट.

मी केलं. ड्रममध्ये चुंबक बसवले, जीपपर्यंत वायर नेली. वायरीतून करंट आला की चुंबक ब्रेक ओढतो. ट्रेलर जीपपासून सुटलाच तर त्याच्यावर स्वतःची एक छोटी बॅटरी असते. सुटताना बारीक केबल ताणली जाते, खिट्टी उपटते आणि त्या बॅटरीवर चाकं जागच्या जागी आवळतात. अष्टमीला काम संपलं. बॅटरी तेवढी चार्जिंगला होती, ती बसवायची राहिली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. वडील होते तेव्हापासून आमच्याकडं नवमीला हत्यारं पूजेत मांडली की दसऱ्याच्या संध्याकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. पाने, ग्राइंडर, वेल्डिंगचा होल्डर, सगळं चादरीवर. नवी वस्तू म्हणून बॅटरीही मीच तिथं ठेवली. हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू ठेवला.

दसऱ्याला सकाळीच दाजी जीप आणि ड्रायव्हर घेऊन हजर. मुहूर्तावर ट्रेलर न्यायचा होता.

"झालं ना समदं?"

"झालं, दाजी."

"मंग आवाज का असा बसलाय तुझा?"

"नऊ दिवसांचे उपास."

"आज हाण श्रीखंड. बसल्याला आवाज उठंल."

दोन बोल्टचं काम होतं. पण पाने पूजेत, बॅटरी पूजेत. मला वाटलं, देवीला नेतील, नारळ फोडतील, ट्रेलर दारात उभा राहील. उद्या जाऊन बसवू. हे त्यांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. शुभ दिवशी 'काम अर्धवट आहे' असं तोंडातून निघेना.

दाजी थेट पाण्यावर गेले. नव्या ब्रेकच्या ट्रेलरवर बोट चढवून घरी आणायची, ताई ओवाळणार होती. चढावर जीप ड्रायव्हरकडं देऊन ते नेहमीसारखे मागून चालत होते, बोटीकडं बघत. ट्रेलरचा हूक जीपपासून सुटला. जोडीला लावलेली साखळीही निसटली. ट्रेलर बोटीसकट मागं आला आणि दाजींचा डावा पाय काठाच्या दगडावर दाबला गेला.

दवाखान्यात सगळे धावपळ करत असताना मी शेडवर आलो. उत्तरपूजा न करताच बॅटरी उचलली, काठावर जाऊन ट्रेलरला बसवली. ज्या पूजेपायी दोन बोल्ट आवळले नव्हते, ती मी अशी मोडली. नंतर ब्रेक का लागले नाहीत असं कुणी विचारलं तर "पाणी शिरून फ्यूज गेला असेल" असं म्हणायचो. फारसं कुणी विचारलंच नाही. हूक दाजींनी स्वतः लावला होता, त्यामुळं सगळ्यांच्या लेखी चूक ठरून गेली होती.

ताईच्या फोननंतर मी तडक गंगापूरला गेलो. दाजी अंगणात बाजेवर बसले होते, काठी शेजारी. ताईनं चहा आणला. "हूक लावता येईना न् निघाले जहाज चालवायला," असं म्हणत कप ठेवून आत गेली. दाजी हसले.

"बरोबर हाय तिचं. पण खरं सांगू? हूक लावताना खट् वाजल्यालं मला अजून आठवतं. तरी सुटला. म्हंजे हाताचा भरवसा गेला बघ. उद्या बोटीत लेकरं बसवायची न् माझ्या हातानं काय राहून गेलं तर? नको. इकून टाकू."

मी उठलो. अंगणातच उभ्या ट्रेलरवरच्या बॅटरीच्या डब्याचं झाकण काढलं आणि म्हणालो, "दाजी, इकडं या." ते काठी टेकत आले. बॅटरीच्या खाचेत हळद अजून होती. कडेला कुंकवाचा डाग. मग मी सगळं सांगितलं. दसऱ्याच्या सकाळचं 'झालं', आणि त्या संध्याकाळी काठावर काय करून आलो तेही.

दाजींनी वाकून खिट्टी उपटली. बॅटरी मेलेली, काही झालं नाही. मी जीपच्या बॅटरीवरून वायर जोडून दिली. चाकांतून बारीक गुणगुण आली. दाजींनी ट्रेलरला खांदा लावला. हलला नाही.

"म्हंजे थांबला असता."

"थांबला असता."

"हूक मात्र माझाच सुटला."

"हो. पण पाय वाचला असता, दाजी."

ते बाजेवर बसले. पाय हातानं उचलून सरळ केला. "इतके दिवस मी हिची बोलणी खाल्ली. तू समोर बसून चहा पीत व्हतास."

मी मान खाली घातली. तशीच ठेवून विचारलं, "उद्याच्या माणसाला येऊ नको म्हणून सांगू?"

"ते माझं मी बघीन. हिला मात्र मी नाय सांगणार. तू सांग. जा आत."

स्वयंपाकघरात ताई पाठमोरी भाकरी थापत होती. पाऊल ओळखून, मागं न बघताच म्हणाली, "चहा हवाय का अजून?"

"नको," मी म्हणालो. "गॅस बंद कर आणि जरा बस."