दादाची बाजू

दादा गेल्यावरही त्याचा कॉम्प्युटर मी अधूनमधून चालू करते आणि तो जिथे रोज भांडायचा ते इंटरनेटवरचं चर्चेचं पान उघडते. कोणत्या कंपनीचा प्रोसेसर सरस, यावर तिथे हमरीतुमरी चालते. ज्याची जी कंपनी, तिचा रंग त्याच्या नावाखाली असतो. दादाचा शेवटपर्यंत पिवळा.

काल त्याच्या लाडक्या शिष्याच्या नावाखाली विरुद्ध कंपनीचा जांभळा दिसला. त्याचा पहिला कॉम्प्युटर दादानेच जुळवून दिला होता.

“काय रे, दादांना काय वाटेल?” कोणीतरी विचारलं होतं.

“दादा थोडेच येणारेत आता भांडायला!” त्याने लिहिलं होतं, पुढे हसरा चेहरा.

नवा प्रोसेसर वेगवान असेल, तर जरूर घ्यावा. पण हसायचं कशाला? माणूस गेला की त्याची बाजूही ओस पडते, आणि पहिले निघून जातात ते त्याचेच. शिष्याच्या त्या वाक्याला पिवळ्यांनीच भरभरून पसंती दिली होती.

सर्वांत खाली एक जुना जांभळा होता. त्याच्या नावाने दादा जेवतानासुद्धा बोटं मोडायचा. त्याने लिहिलं होतं, “ते असते तर आज तुमची-माझी, कोणाचीच खैर नव्हती.”